फ्लास्कमध्ये यीस्ट जोमात, व्हेसलमध्ये टाकलं की मरतंय

मळीकर०७:
नमस्कार मंडळी, साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत लॅबला आहे. स्लँटवरून (परीक्षानळीत जपलेलं मूळ यीस्ट) फ्लास्क, मग १० लिटरचा कारबॉय (मोठी बाटली), तिथपर्यंत यीस्ट झकास असतं पण यीस्ट व्हेसलला (यीस्ट वाढवायची मोठी टाकी) टाकलं की दुसऱ्या दिवशी मेथिलीन ब्लू लावून बघतो तर शंभरात तीसेक पेशी निळ्या म्हणजे मेलेल्याच, आणि मधे मधे बॅक्टेरियाच्या काड्या दिसतात. वॉशला (आंबवून झालेली मळी) अल्कोहोल ९ टक्के यायचं ते ७ वर आलंय. मळी तीच, यीस्टच्या खुराकाचं युरिया-डीएपी तेवढंच. तीन आठवडे डोक्याला ताप झालाय, कुठं बघू?

रात्रपाळी:
टेंपरेचर किती धरता? ३५-३६ ला गेलं की यीस्ट दमतं आणि बॅक्टेरियाचं फावतं. ब्रिक्सही (द्रावातल्या साखरेचा अंदाज देणारा आकडा) सांगा, साखर जास्त झाली की हवा कितीही सोडा, यीस्ट पेशी वाढवायचं सोडून अल्कोहोलच करत बसतं.

मळीकर०७:
टेंपरेचर ३१, ब्रिक्स १०. हवा फिल्टरमधून, फिल्टर नवीन आहे.

जुनाखेमिस्ट:
मग मळीच्या मागे लागू नका. जंतू मारायला व्हेसलला स्टीम देता पण सॅम्पल व्हॉल्व्हच्या मागे पाइपचा आंधळा तुकडा असतो तिथं ती पोचते का, थर्मोमीटर लावून बघा. दुसरं म्हणजे पीएचई (कल्चर थंड करणारा प्लेट हीट एक्स्चेंजर), त्याच्या प्लेटला बारीक भोक पडलं की कूलिंग टॉवरचं पाणी थेट कल्चरमध्ये येतं, म्हणून पीएचईच्या आधीचं आणि नंतरचं अशी दोन सॅम्पलं घेऊन प्लेटिंग करा (बशीत बॅक्टेरिया वाढवून बघा). आणि कृपा करून नुसतं अँटिबायोटिक ओतत बसू नका हो, चार दिवस दबतं, मूळ तिथंच राहतं आणि बॅक्टेरिया त्याला सरावतात ते वेगळंच.

मळीकर०७:
सर, सापडलं! पीएचई ठीक निघाला. स्टीम चालू असताना व्हेसलला हात लावायची सोय नव्हती आणि व्हॉल्व्हमागचा वीतभर पाइप नुसता कोमट. खोलला तर आत काळपट बुळबुळीत थर, आंबलेल्या दह्यासारखा वास. तुकडा कापला, व्हॉल्व्ह व्हेसलला अगदी चिकटून वेल्ड करून घेतला आणि कल्चर परत नव्या स्लँटपासून धरलं. आज सकाळी निळ्या पेशी शंभरात पाच! मनापासून आभार. वॉशचं अल्कोहोल परवा कळवतो.