मदत हवी आहे : 'डिपरमाउथ ब्लूज'ची खरी पट्टी कोणती?

नमस्कार मंडळी,

कॉर्नेट (ट्रम्पेटसारखं वाद्य) वाजवणाऱ्या किंग ऑलिव्हरच्या क्रिओल जॅझ बँडने ही रचना १९२३ मध्ये दोनदा मुद्रित केली. एप्रिलमध्ये इंडियानातल्या रिचमंडला 'जेनेट' या रेकॉर्ड कंपनीसाठी, जूनमध्ये शिकागोला 'ओके' या कंपनीसाठी. दोन्ही आलटून पालटून ऐकायचा नाद लागलाय, पण गाडी एके ठिकाणी अडलीय.

जेनेटच्या एकाच तबकडीच्या माझ्याकडे दोन फाइली आहेत. पेटीवर पडताळलं तर एकीचा सा पांढरी एक, दुसरीचा पांढरी सात, म्हणजे अर्धा सूर खाली! दुसरी जरा रेंगाळतेही. तिच्यानंतर ओकेचं मुद्रण लावलं की ते पळतच सुटतं. आता जूनपर्यंत बँडची लय वाढली, की कुणी तबकडी हळू फिरवली?

बाकी मजा भरपूर आहे. जॉनी डॉड्सच्या क्लॅरिनेटमागे बँड नुसते तुटक ठोके देतो, मग म्यूट (आवाज दाबणारं झाकण) लावलेला ऑलिव्हरचा कॉर्नेट येतो. त्याचं हे एकलवादन मी उत्स्फूर्त समजत होतो. पण दोन्हीकडे जवळपास तेच! त्या वेळी शेजारी दुसरा कॉर्नेट वाजवणाऱ्या लुई आर्मस्ट्राँगने १९२५ मध्ये फ्लेचर हेंडरसनच्या बँडमध्ये, 'शुगर फूट स्टॉम्प' नावाखाली, पुन्हा तेच वाजवलं. बंदिशच म्हणा ना.

तर, कोणती फाइल धरू?

प्रतिसाद १
पांढरी एकची धरा. त्या काळी मिनिटाला ७८ फेरे हा नुसता अंदाज असायचा, कंपन्या कमीजास्त वेगाने मुद्रण करत. वेग सहाएक टक्क्यांनी उतरला की पट्टी अर्ध्या सुराने उतरते. शिवाय कॉर्नेट आणि क्लॅरिनेट दोन्ही काळी पाचची वाद्यं, म्हणजे त्यांची मूळ पट्टीच ती. पांढरी सातमध्ये ब्लूज वाजवायचा म्हणजे बोटांचे हाल. कोण कशाला वाजवेल? ओकेचीही पट्टी आधी तपासा, मग घड्याळ लावा. ऑलिव्हरच्या पहिल्या सुरापासून 'ओ, प्ले दॅट थिंग!' ही आरोळी येईपर्यंत मोजा. प्रत्येकी बारा 'बार'ची (बार म्हणजे चार ठोक्यांचा गट) तीन आवर्तनं आहेत, दोन्हीकडे सारखीच.

धागाकर्ता
हे डोक्यातच आलं नव्हतं! वेग बदलायला ऑडॅसिटी हे ध्वनिसंपादनाचं सॉफ्टवेअर चालेल ना?

प्रतिसाद १
चालेल. फक्त 'चेंज टेम्पो' वापरू नका, त्यात सूर जागचा हलत नाही. 'चेंज स्पीड अँड पिच' घ्या.