भेरली माडाच्या घोसातून वटवाघळाचं पिल्लू पडलंय, दूध देऊ का?

अंगणवेल, मुलुंड पूर्व (सकाळी 10:20)

आमच्या सोसायटीच्या आवारात भेरली माड आहे, ताडाच्या जातीचं झाड, फळांचे लांब घोस लोंबतात ते. आज पावसाळ्याआधीच्या छाटणीत त्याचा एक सुकलेला घोस तोडला आणि त्याबरोबर वटवाघळाचं पिल्लू खाली आलं. दोन-तीन मोठी वटवाघळं उडून गेली. पिल्लू अक्रोडाएवढं, अंगावर तपकिरी लव, डोळे उघडे. रक्त कुठे दिसत नाही. कावळे जमायला लागले म्हणून जुन्या सुती साडीत धरून उचललं आणि चपलांच्या खोक्यात ठेवलंय. मधूनच चिरचिरतं. घरात गायीचं दूध आहे, ड्रॉपरने देऊ का? मुलगी आठ वर्षांची आहे, खोक्यापासून हलायला तयार नाही. तिला हात लावू दिलेला नाही. सासूबाईंचं म्हणणं, वटवाघूळ घरात अशुभ. लवकर सांगा कुणीतरी.

रानवाट, बोरिवली (10:31)

1926 वर फोन करा, वन विभागाची हेल्पलाइन आहे. पत्ता आणि पिल्लाचा आकार सांगा. वन्यप्राणी आहे, स्वतः पाळायचा विचार करू नका.

कंदीलकाकू, भांडुप (10:44)

ताई, गायीचं दूध नको. आत्ता कुठलंच दूध नको. आधी ऊब.

मी 31 वर्षं सिस्टर होते, त्यातली बरीचशी नवजात बाळांच्या कक्षात. निवृत्त झाल्यापासून वन्यप्राण्यांच्या परवानगी असलेल्या एका केंद्रात पिल्लं सांभाळायला जाते. माझ्याकडे आलेलं पहिलं वटवाघळाचं पिल्लू गारठलेलं होतं. भुकेलं असेल म्हणून मी लगेच दूध पाजलं. अंग गार असताना पोटातलं दूध पचत नाही, हे बाळांच्या बाबतीत मला पक्कं ठाऊक होतं आणि तरी मी घाई केली. पहाटे दोनच्या सुमारास ते गेलं. म्हणून तुम्हाला इतकं निक्षून सांगते आहे.

छोट्या बाटलीत गरम पाणी भरा, बाटली मोज्यात घाला आणि खोक्याच्या एका बाजूला ठेवा. मनगटाच्या आतल्या बाजूला सोसेल इतकंच गरम. दुसरी बाजू मोकळी राहू दे, जास्त झालं तर पिल्लाला सरकता आलं पाहिजे. खोक्याच्या भिंतीला आतून मांजरपाटाचा तुकडा लावा, म्हणजे ते उलटं लटकेल. टर्किश टॉवेल वापरू नका, त्याच्या धाग्यांच्या फासात नखं अडकतात आणि सोडवताना बोट मोडतं. खोकं अंधारात ठेवा, मुंग्या लागणार नाहीत हे बघा. आणि हाताळायची वेळ आली तर जाड हातमोजे घाला, वर कापड घ्या. साडीतून चावा बसला नाही ना? ओरखडा जरी असला तरी 15 मिनिटं साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवा आणि आजच डॉक्टरांना दाखवा. आम्ही हे काम करणारे रेबीजची लस आधीच घेऊन ठेवतो.

अंग उबदार झालं आणि तोपर्यंत कुणी आलं नसेल तर कोमट ओआरएस, तेही थेंब थेंब. उताणं धरू नका. पोटावर, कापडात गुंडाळून, डोकं किंचित खाली. थेंब ओठाला लावा, ते स्वतः चाटेल. तोंडात पिचकारी मारलीत तर पाणी फुप्फुसात जातं. नाकाशी बुडबुडा दिसला की थांबा.

आता महत्त्वाचं. भेरली माडाचा घोस म्हणालात, त्यावरून हे आखूड नाकाचं लहान फळवटवाघूळ असावं. यांचा नर घोसातल्या मधल्या माळा चावून चावून तोडतो आणि आत पोकळी करतो. त्या पोकळीत माद्या पिल्लांना घेऊन राहतात. वर्षाला दोन वेळा वीण, एका वेळी एकच पिल्लू. म्हणजे उडून गेलेल्यांत बहुतेक याची आई होती, आणि ती संध्याकाळी शोधायला येऊ शकते. पिल्लू धडधाकट असेल तर अंधार पडायच्या सुमारास टोपलीला आतून कापड लावून त्यावर त्याला लटकवा. टोपली त्याच माडाला, मांजर पोचणार नाही इतकी उंच बांधा. सगळ्यांनी दूर जा, दिवे बंद. दीड-दोन तास वाट पाहा. मात्र हे केंद्राच्या माणसाला विचारूनच करा.

सासूबाईंना रागावू नका. माझी आईही तिन्हीसांजेला याच भीतीने खिडक्या लावून घ्यायची. त्यांना एकदा ते लटकलेलं दाखवा, लांबून.

अंगणवेल (दुपारी 4:05)

1926 वर बोलणं झालं. केंद्राचा मुलगा साडेनऊपर्यंत येतो म्हणाला, तोवर काकू म्हणतात तसं टोपलीत ठेवून बघा असंही म्हणाला. चावा, ओरखडा काही नाही. बाटली ठेवल्यावर तासाभरात पिल्लू कापडावर चढून लटकलं! पण सेक्रेटरी वटवाघळांतून येणाऱ्या निपाह विषाणूचं म्हणतायत आणि अख्खा माडच काढायचा घाट घालतायत.

रानवाट (4:18)

माड असा काढता येत नाही. 1975 च्या राज्याच्या वृक्ष कायद्याखाली महापालिकेची परवानगी लागते. दुसरं म्हणजे, फळं खाणारी वटवाघळं पूर्वी वन्यजीव कायद्यात उंदीर-कावळ्यांसोबत उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती. 2022 च्या दुरुस्तीत ती यादीच निघाली.

कंदीलकाकू (4:40)

निपाहची काळजी खोटी नाही. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत 2020 च्या नमुन्यांत त्याच्या खुणा सापडल्या होत्या. म्हणूनच हातमोजे, म्हणूनच उष्टी फळं उचलायची नाहीत, मुलांना तसंच सांगायचं. पण माड तोडून विषाणू जात नाही. बिथरलेली वटवाघळं शेजारच्या इमारतीत जातील, एवढंच. सेक्रेटरींना म्हणावं, पुढच्या वेळी घोस तोडण्याआधी खाली उभं राहून आत बघा, जमिनीवर चोथा आणि विष्ठा पडलेली असते.

अंगणवेल (रात्री 10:15)

सात वाजता टोपली बांधली. साडेसातनंतर एक वटवाघूळ आलं. दोनदा घिरटी घालून टोपलीच्या काठावर बसलं. पिल्लू इतकं ओरडत होतं की गच्चीपर्यंत ऐकू येत होतं. तेवढ्यात खाली कुणीतरी गाडी सुरू केली, दिवा थेट माडावर पडला आणि ते उडालं. पुन्हा आलं नाही. 9:20 ला केंद्राच्या मुलाने पिल्लू नेलं. सासूबाई शेवटपर्यंत गच्चीत माझ्या शेजारी उभ्या होत्या. मुलगी रडून झोपली.

कंदीलकाकू (10:32)

तुम्ही सगळं नीट केलंत. आई आली होती म्हणजे जागा ओळखते, त्यामुळे केंद्राला सांगा की उद्या संध्याकाळी एकदा परत आणून बघता आलं तर बघा. सोसायटीच्या ग्रुपवर आजच लिहून ठेवा, सात ते नऊ त्या बाजूची गाडी काढायची नाही. नाहीच जमलं तर ते दूध देतील, मग मऊ पिकलेलं केळं, पपई, चिकू, आणि पंखात बळ आलं की मोठ्या पिंजऱ्यात इतर वटवाघळांबरोबर उडायला शिकेल. माणसाच्या खांद्यावर वाढलेलं वटवाघूळ बाहेर टिकत नाही, म्हणून मुलीला भेटायला नेऊ नका. तिला आजचं चित्र काढायला सांगा. पिल्लाचं वजन किती भरलं ते विचारलंत का?

अंगणवेल (10:36)

24 ग्रॅम.