गृहकर्ज थेट बँकेतून घ्यावे की एजंटामार्फत? बडोदेकरांचे अनुभव

गोत्री आणि भायली भागात सदनिका पाहायला सुरुवात केली, तसे घरापेक्षा कर्जाविषयीचेच सल्ले जास्त येऊ लागले. कर्जाचे एजंट, ज्यांना बँका डीएसए म्हणतात, ते सांगतात की फक्त कागद द्या, बाकीचे आम्ही पाहतो. घरातील ज्येष्ठांचे म्हणणे असे की ज्या गावात सयाजीराव महाराजांनी १९०८ साली बँक काढली, त्या गावात कर्जासाठी मध्यस्थ कशाला हवा. व्याजदरांचे तक्ते कुठेही मिळतात, ते इथे नकोत. आपली फाइल कोणत्या प्रकारची होती, एजंटाने प्रत्यक्षात काय केले आणि कर्ज सुरू झाल्यानंतर काय घडले, एवढे कृपया लिहावे. तक्रार असल्यास संस्थेचे नाव टाळावे.

निवृत्त बँक अधिकारी, कारेलीबाग

माझा अनुभव कर्ज घेणाऱ्याचा नसून देणाऱ्याचा आहे. नोकरीची शेवटची वर्षे मी एका सरकारी बँकेच्या गृहकर्ज विभागात काढली. एजंटाला मोबदला बँक देते, तोही कर्जाचे वाटप झाल्यावर, रकमेच्या ठरावीक टक्क्याने. ग्राहकाने त्याला वेगळे पैसे देण्याचे कारण नाही. मात्र यातून एक गोष्ट आपोआप निघते: कर्ज जितके मोठे, तितका त्याचा लाभ मोठा, त्यामुळे ‘थोडे कमीच घ्या’ असे तो सहसा सुचवणार नाही.

आमच्याकडे फाइल शाखेतून आली काय किंवा एजंटाकडून आली काय, ती एकाच प्रोसेसिंग केंद्रात जात असे आणि पॅनेलवरचे तेच वकील, मालमत्तेची किंमत ठरवणारे तेच व्हॅल्युअर ती तपासत. दर ठरत असे तो सिबिल स्कोर (म्हणजे आधीच्या कर्जफेडीवरून मिळणारे गुण), उत्पन्नाचा प्रकार आणि कर्जाची रक्कम पाहून. ‘आत ओळख आहे, पाव टक्का कमी करून देतो’ असे सांगणारे एजंट पुष्कळ भेटले. जो दर त्या ग्राहकाला शाखेतही मिळाला असता, तोच ते ‘करून देत’ असत.

खरा फरक बँक आणि गृहवित्त कंपनी (घरासाठी कर्ज देणारी, पण बँक नसलेली संस्था) यांच्यात आहे. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या व्याजदराची, गृहकर्जे रेपोसारख्या (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते त्या) बाह्य दराला जोडणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले. गृहवित्त कंपन्यांवर हे बंधन नाही. त्या स्वतः ठरवलेल्या पायाभूत दराने चालतात, त्यामुळे रेपो उतरला तरी त्यांच्या ग्राहकाचा हप्ता कधी आणि किती उतरेल हे कंपनीच्या हातात राहते. एजंट दोन्हींचे दर शेजारी शेजारी मांडतो, पण हा फरक त्यांच्यापैकी क्वचितच कोणी सांगताना मी ऐकले आहे.

‘९० टक्के कर्ज मिळवून देतो’ या आश्वासनाविषयीही लिहितो. बँकेला ३० लाखांपर्यंतच्या कर्जासाठी मालमत्तेच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, त्यावर ७५ लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्याहून मोठ्या कर्जाला ७५ टक्के अशी मर्यादा आहे. म्हणजे ४५ लाखांच्या सदनिकेला जास्तीत जास्त ३६ लाख. उरलेले नऊ लाख आपले, आणि गुजरातमधील ४.९ टक्के मुद्रांक शुल्क व एक टक्का नोंदणी शुल्कही आपल्याच खिशातून, कारण या किमतीच्या घराला ते खर्च कर्जाच्या हिशेबात धरता येत नाहीत.

छपाईचा व्यवसाय, रावपुरा

वरील लेखन नोकरदाराच्या फाइलला तंतोतंत लागू पडते. आमच्यासारख्या धंदेवाल्यांचे तसे नाही. माझी आयकर विवरणपत्रे नियमित भरलेली होती, पण त्यांत दाखवलेले निव्वळ उत्पन्न कमी होते. ज्या बँकेत माझे चालू खाते आजही आहे, त्याच बँकेने मला मागितलेल्या रकमेच्या जेमतेम निम्मे कर्ज देऊ केले. एजंटाने विवरणपत्रांखेरीज जीएसटीची उलाढाल आणि खात्यातील सरासरी शिल्लक पाहून पात्रता ठरवणारी एक गृहवित्त कंपनी शोधली, माझ्या लेखापालाशी स्वतः बसून कागद लावले आणि कर्ज मंजूर करून घेतले. कोण कोणत्या फाइलला हो म्हणेल हे त्याला ठाऊक होते. मला ते शाखा-शाखा फिरूनही कळले नसते.

त्याची किंमत मोजावी लागली. ३० लाखांचे कर्ज २० वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी घेतले तर हप्ता सुमारे २६,००० रुपये बसतो, तोच पावणेदहा टक्क्यांनी सुमारे २८,५०० होतो, आणि माझा दर या दुसऱ्या आकड्याच्या जवळ होता. तो फार काळ भरायचा नाही असे ठरवूनच मी सही केली होती. पुढच्या वर्षांत विवरणपत्रांतील उत्पन्न वाढवले, त्यावरचा आयकर भरला आणि मग कर्ज एका बँकेकडे वळवले. व्यक्तीच्या नावावरील फ्लोटिंग गृहकर्ज मुदतीपूर्वी फेडल्यास दंड आकारता येत नाही, त्यामुळे बाहेर पडताना अडचण आली नाही. नव्या बँकेची प्रोसेसिंग फी, वकिलाची फी आणि गहाणखताचा खर्च मात्र पुन्हा करावा लागला. हा खर्च आणि वाचणारे व्याज यांचा हिशेब आधी कागदावर मांडावा.

शिक्षिका, मांजलपूर

माझी फाइल अगदी सरळ होती: कायम नोकरी, पगाराचे खाते, नव्या इमारतीतील सदनिका. एका परिचितांच्या आग्रहामुळे कागद एजंटाकडे दिले. त्याने मला न विचारता ते एकाच आठवड्यात अनेक ठिकाणी लॉगिन केले, म्हणजे कर्जाचा अर्ज म्हणून नोंदवले. प्रत्येक ठिकाणी माझ्या सिबिल अहवालावर चौकशीची नोंद पडली, आणि पुढे मी स्वतः बँकेत गेले तेव्हा इतक्या संस्थांकडे अर्ज का केले होते याचा लेखी खुलासा द्यावा लागला. शिवाय अनोळखी फोन अजून येतात. ज्यांना एजंट हवाच आहे, त्यांनी कागदांच्या प्रत्येक प्रतीवर कोणत्या संस्थेसाठी दिली ते लिहून सही करावी.

बँकेतील अधिकारीबाईंनी दोन गोष्टी सांगितल्या, ज्या एजंटाने काढल्याच नव्हत्या. दस्तावेज केवळ स्त्रीच्या नावे झाला तर गुजरातमध्ये नोंदणी शुल्क माफ आहे. पतीचे नाव जोडले की ती सवलत जाते. काही बँका स्त्री अर्जदाराला व्याजदरातही किंचित सूट देतात. दस्तावेज माझ्या एकटीच्या नावे झाला. यजमान सहकर्जदार आहेत, मालक नाहीत, आणि त्यावरून घरात अद्याप थट्टा चालते.

दांडिया बाजार

आमचे प्रकरण जुन्या घराचे होते. सिटी सर्व्हेच्या प्रॉपर्टी कार्डावर आजोबांचेच नाव होते आणि वारसाई अपुरी होती. दोन एजंटांनी ‘होऊन जाईल’ म्हणून फाइल घेतली आणि दोघांचीही फाइल बँकेच्या वकिलाच्या अहवालावर थांबली. शेवटी आम्हीच वारसांची नोंद पूर्ण केली, आत्यांचे हक्क सोडल्याचे दस्त नोंदवले आणि मग थेट शाखेत अर्ज दिला. मालकीहक्कात खोट असेल तिथे एजंट काही करू शकत नाही.

कारखान्यात नोकरी, वाघोडिया रोड

बिल्डरच्या कार्यालयातच कर्जाचे टेबल होते. तेथील तरुणाने प्रकल्प ज्यांच्याकडे आधीच मंजूर होता अशा दोनच संस्था सुचवल्या. मी ज्या बँकेचे नाव घेतले, तिला कागद तपासायला वेळ लागेल म्हणाला, आणि ते खरेही होते. गैर वाटले ते पुढचे. १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जदाराला करारापूर्वी मुख्य तथ्यांचे विवरणपत्र द्यावे लागते, त्यात सर्व आकार धरून प्रत्यक्ष वार्षिक दर लिहिलेला असतो. माझ्या पत्रकात तो दर सांगितलेल्या व्याजापेक्षा बराच वर दिसला, कारण एकरकमी हप्त्याचा विमा कर्जाच्या रकमेतच मिळवला होता. विमा सक्तीचा नाही असे लेखी पत्र दिल्यावर तो निघाला. कर्जाएवढे विमाकवच असावे हे मला मान्य आहे. मी ते स्वतंत्र मुदतविम्याने घेतले.

गृहिणी, अलकापुरी

आमचे कर्ज एजंटामार्फत झाले आणि त्याने काम चोख केले. मात्र वाटप झाल्यावर त्याचा संबंध संपला, जे त्याच्या बाजूने योग्यच आहे. त्यानंतरची कामे, म्हणजे व्याजाचा वार्षिक दाखला, अंशतः परतफेड, हप्ता वाढवायचा की मुदत हा पर्याय, सगळी बँकेशीच करावी लागली. नव्या ग्राहकांना आमच्यापेक्षा कमी दर मिळतो आहे असे दिसले, तेव्हा दुसऱ्या बँकेचे मंजुरीपत्र घेऊन आमच्या शाखेत गेलो; थोडी फी घेऊन त्यांनी दर खाली आणला आणि कर्ज हलवावे लागले नाही.

गेल्या वर्षी कर्ज फिटले. मूळ दस्तावेज कोणत्या शाखेत ठेवले आहेत हे मंजुरीपत्रात लिहून घेतले होते, त्याचा तेव्हा उपयोग झाला. १ डिसेंबर २०२३ पासून पूर्ण फेडीनंतर ३० दिवसांत कागद परत करण्याचा नियम आहे आणि उशीर संस्थेमुळे झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे. आमचे कागद मुदतीत मिळाले. घरावरचा कर्जाचा बोजा कमी करण्याची नोंद मात्र पाठपुरावा करून घ्यावी लागली.