शेरा उन्हाळ्यातला, पूर पावसाळ्यातला
'नियमित तपासणी आणि नोंदवही ठेवली की सरकारी सेवेतली जोखीम आटोक्यात येते' हे नेहमीचं म्हणणं मला अर्धंच पटतं. महाडजवळचा सावित्री नदीवरचा जुना दगडी पूल आठवा. मे २०१६ मध्ये त्याची तपासणी झाली होती, धोका नाही असं ठरलं होतं. २ ऑगस्टच्या रात्री पुरात तो गेला, दोन एसट्या घेऊन. (आमच्या गावच्या पुलाच्या सांध्यात हातभर पिंपळ वाढलाय, शेरा 'स्थिती समाधानकारक'!) म्हणून नुसत्या तपासणीवर थांबू नका; पाणी कुठल्या खुणेला लागलं की वाहतूक थांबवायची आणि रात्री दोनला ती थांबवायचा अधिकार कुणाचा, हे आधी लिहून ठेवा. पुलावरच्या होमगार्डाला साहेबांच्या फोनची वाट बघायला लागू नये.