स्पेनचं साम्राज्य नुसतं स्पॅनिशांनी उभारलं?

भटक्या: स्पॅनिश सरदार कोर्तेसने मूठभर शिपाई घेऊन मेक्सिकोतल्या ॲझ्टेकांचं राज्य बुडवलं, असं अजूनही सर्रास सांगतात. मूठभर कसले! 1521 मध्ये त्यांच्या राजधानीला, टेनोच्टिट्लानला वेढा पडला तेव्हा त्याच्या बाजूने हजारो स्थानिक योद्धे लढत होते, ॲझ्टेकांशी वैर असलेल्या शेजारच्या त्लाश्कालाचे त्यात आघाडीवर. बोलणी मालिन्त्सिन या तिथल्याच नाउआ लोकांतल्या बाईमार्फत, आणि ती त्याला दासी म्हणून भेट मिळालेली. आफ्रिकेत जन्मलेला हुआन गार्रिदोही तिथे होता. 1538 मध्ये त्याने राजाला अर्ज केला की या मुलखात गहू पहिल्यांदा मी पेरला. व्हेनेझुएला तर 1528 पासून आउग्सबुर्गच्या वेल्झर या जर्मन सावकारांकडे. मग हे साम्राज्य नक्की कोणाचं?

शंकासुर: राजाचंच की! लुटीचा पाचवा हिस्सा त्याच्या तिजोरीत जायचा. गार्रिदोने अर्ज कोणाला केला? वेल्झरांना सनद कोणी दिली? राजा त्यांचा कर्जदार होता, एवढंच. ‘सगळेच सामील होते’ म्हटलं की जाब विचारायला कोणी उरतच नाही.

तळ्यातमळ्यात: त्लाश्कालावाले घरभेदीच. आपल्याकडे काय कमी झाले असले लोक!

निळावंती: एका घरातले असते तर घरभेदी म्हटलं असतं. मेक्सिकांनी (म्हणजे ॲझ्टेकांनीच) त्यांची चहूकडून कोंडी केली होती. मीठ नाही, कापूस नाही. वर्षानुवर्षं अळणी खाऊन दिवस काढले. बरं, ते आधी कोर्तेसशीही लढले, हात मिळवला तो नंतर. आणि फुकट नाही! 1591 मध्ये त्यांची सुमारे चारशे कुटुंबं उत्तरेला चिचिमेक या भटक्या टोळ्यांच्या मुलखात वसायला गेली ती करमाफी, घोड्यावर बसायचा हक्क आणि नावामागे ‘डॉन’ (मुंबईतला नव्हे) पदरात पाडून घेऊनच.

शंकासुर: घोड्यावर बसायला परवानगी लागत होती, यातच आलं सगळं.

भटक्या: आणि हुआन व्हालिएन्ते? मेक्सिकोतला आफ्रिकी गुलाम, मालकाच्या परवानगीने नशीब काढायला निघाला तो थेट चिलीत पोचला. 1550 मध्ये त्याला एन्कोमिएन्दा मिळाली, म्हणजे स्थानिकांकडून खंडणी आणि वेठ घ्यायचा हक्क. 1553 मध्ये तुकापेलला तिथल्या मापुचे लोकांशी लढताना मेला. ह्याला कुठल्या रकान्यात टाकणार?

निळावंती: दोन्ही. चिलीत वेठ घेणारा, आणि तिकडे मेक्सिकोत मालक त्याला शोधायला माणूस धाडतोय.

शंकासुर: वेठ घ्यायचा हक्क त्याला दिला कोणाच्या नावाने, तेवढं सांगा.