लॅमिनेशन अजिबात करू नका

दादा, पेटीत सापडलेलं, हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांच्या सहीचं पत्र लॅमिनेट करावं का, असं तुम्ही विचारलंत आणि वर दोघांनी 'करून टाका' म्हटलंय. हात जोडून सांगतो, नका करू. आमच्या आजोबांच्या निजामकाळातल्या कागदाचं मी तेच केलं होतं. आमच्याकडच्या एका दुकानात दिला, मशीनच्या उष्णतेने घडीवर कागद फाटला आणि प्लॅस्टिक आता निघता निघत नाही. तो कागद बघितला की आजही पोटात कालवतं.

आधी टाचणी काढा, तिचा गंज कागद खातो. आम्लमुक्त कागदात सपाट ठेवा. मागे नोंद करायचीच तर शिसपेन्सिलीने.

सही शाईची की शिक्क्याची, हे पत्र तिरपं धरून उजेडात बघा. टाकाचा दाब आणि शाईची कमीजास्त गडद रेघ कळते. आणि नावही बघा. स्वामीजी पूर्वाश्रमीचे व्यंकटेश खेडगीकर, त्यामुळे संन्यासाआधीच्या कागदावर तेच नाव असणार.

तारखेत आज़र, दै, बहमन असे महिने दिसले तर घाबरू नका, ते फसली साल आहे, म्हणजे निजामाच्या राज्यातली सरकारी कालगणना. १३५७ फसली म्हणजे ऑक्टोबर १९४७ ते ऑक्टोबर १९४८. रझाकारांचा (निजामाच्या बाजूच्या सशस्त्र संघटनेचा) जोर आणि १७ सप्टेंबरची निजामाची शरणागती, सगळं त्याच सालात. तुमच्या पत्रावर हे साल निघालं तर पाकीटसुद्धा फेकू नका, टपालाचा शिक्का त्यावरच असतो.

उर्दू मजकुराचा फोटो टाका, आमच्या गल्लीतले चाचा वाचून देतील.