विषय: घरासाठी एजंट निवडताना – सही करण्याआधी

नमस्कार मंडळी,
प्री-अप्रूव्हल (बँकेची कर्जाची पूर्वमंजुरी) हातात आहे, घरं बघायला सुरुवात करायची आहे. पण एजंट पहिलं घर दाखवण्याआधीच करारावर सही मागतोय. हे रीतसर आहे का? निवड कशावरून करायची?
– मंजिरी

मंजिरीताई,
रीतसर आहे. अमेरिकेत १७ ऑगस्ट २०२४ पासून एमएलएस (एजंटांची विक्रीच्या घरांची सामाईक यादी) वापरणाऱ्या एजंटला घर दाखवण्याआधी खरेदीदाराशी लेखी करार करावाच लागतो. मात्र नुसतं बोलायला किंवा आपले आपण ओपन हाउसला (ठरावीक वेळी सगळ्यांना बघायला खुलं ठेवलेलं घर) जायला सही लागत नाही. तेव्हा आधी तिघाचौघांशी बोला.

बोलताना प्रत्येकाला विक्रीला असलेल्या एकाच घराचा पत्ता द्या आणि किंमत काढून मागा. चांगला एजंट जवळपासची, गेल्या काही महिन्यांत विकली गेलेली तीन-चार घरं समोर ठेवेल आणि तळघर, छताचं वय, रहदारीचा रस्ता यापायी किती कमी-जास्त धरलं ते सांगेल. 'मागताहेत त्याच्या आसपास देऊ' एवढंच म्हणणारा माझ्या मते तिथेच बाद.

करारात मोबदला स्पष्ट आकड्यात हवा, 'विक्रेता देईल तेवढा' असं मोघम चालत नाही. ठरल्यापेक्षा जास्त पैसे एजंटला कुणाकडूनही घेता येत नाहीत. ६,००,००० डॉलरच्या घरावर २.५ टक्के म्हणजे १५,००० डॉलर. विक्रेत्याने २ टक्केच कबूल केले तर उरलेले ३,००० तुमच्या अंगावर येतात, आणि ते सहसा कर्जात बसत नाहीत, क्लोजिंगला (खरेदी पूर्ण होताना) खिशातून जातात. म्हणून विक्रेत्याने पूर्ण मोबदला द्यावा ही मागणी ऑफरमध्येच लिहायची. दर वाटाघाटीचा असतो. नियमाने ठरलेला कुठलाच दर नाही.

मुदतीकडे लोक बघतच नाहीत. सहा महिन्यांचा छापील फॉर्म पुढे आला तर ३० दिवसांचा किंवा त्या एका घरापुरता मागा. करार संपल्यावरही त्याने दाखवलेलं घर घेतलंत तर कमिशन द्यावं लागेल, असं कलम बहुधा असतं. ते किती दिवस लागू, हे वाचा.
– श्रीधर

श्रीधररावांच्या मेलला जोड:
'तुमच्याच ऑफिसकडे विक्रीला असलेलं घर आवडलं तर?' हे एजंटला नक्की विचारा. दोन्ही बाजूंचा एकच एजंट झाला की विक्रेता किती खाली येईल हे तो तुम्हाला सांगू शकत नाही. बऱ्याच राज्यांत लेखी संमतीने हे चालतं, फ्लोरिडा आणि कोलोरॅडोत चालत नाही. संमतीची ओळ करारात आधीच छापलेली असेल तर खोडायला सांगा.

बिल्डरचं नवं घर बघणार असाल तर पहिल्याच भेटीला एजंट सोबत न्या आणि त्याचं नाव नोंदवा. एकटे जाऊन नाव-फोन लिहून आलात, तर बरेच बिल्डर नंतर आलेल्या एजंटला कमिशन देत नाहीत. मग करारानुसार ते तुम्हालाच भरावं लागू शकतं. मॉडेल होममधली (बिल्डरच्या नमुना घरातली) सेल्सची व्यक्ती बिल्डरची असते, बजेट तिथे बोलू नका.

आणि 'या भागात आपले लोक किती?' असं एजंटला विचारू नका. १९६८च्या फेअर हाउसिंग कायद्यामुळे वंश, धर्म, मूळ देश यांवरून वस्ती सुचवणं त्याला मना आहे. उत्तर दिलं नाही म्हणून तो कच्चा ठरत नाही. ते इथे आपल्या मेलिंग लिस्टवर विचारा.
– सुनंदा